आबांच्या दगडाला कुलूप

अन्याय आबांवर झाला. गेल्या वर्षी अखाजीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, गावच्या चौकात, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांसमोर, चारचौघांदेखत त्यांच्या हातातली पाण्याची घागर काढून घेतली गेली. मारहाण झाली नाही, शिवीगाळ झाली नाही, त्यामुळे पोलिसांत काही नाही आणि पेपरात काही नाही. म्हणून मी लिहिते आहे.

आबा भिल्ल आहेत. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा आणि शिरपूरच्या मधल्या पट्ट्यात. गावाचं नाव लिहीत नाही. एरवी मी नाव घेऊन लिहिते. ज्यात नाव नाही ते पत्रक छापूच नये असं माझं मत आहे. पण आबा म्हणाले, "नाव नको छापू. तू निंघी जाशी, माले अठेच ऱ्हावानं शे." त्यांना तिथंच राहायचं आहे, हे खरंच आहे. म्हणून कोणाचंच नाव नाही.

मी चाळीसगावची. जळगावला शिकले, आणि शिकता शिकता आमचं एक लहानसं मंडळ झालं. मंडळ म्हणजे आम्ही पाचसहा जण, एक उधारीवर मिळणारा टेम्पो आणि धुळ्याचे पेंटरभाई. अठराशे सत्तावन्नचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आमच्या शाळेत मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी. पोरं नकाशात ठिपके देतात आणि पास होतात. त्याच वेळी आपल्या सातपुड्यात भिल्ल उठले होते, इंग्रजांच्या फौजेशी लढले होते, हे खानदेशातल्या पोरालाही माहीत नसतं. इंग्रजांनी त्यांना लुटारू म्हटलं. इंग्रज गेले, तरी आपल्या तोंडातून तो शब्द काही गेला नाही. ही चीड होती, आणि या चिडीतून आम्ही चित्रं घेऊन आठवडे बाजारांत जायला लागलो.

चित्रं कापडावरची. फ्लेक्स वाऱ्यात फाटतो आणि त्यावरचे सगळे चेहरे वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखे दिसतात, असं पेंटरभाईंचं म्हणणं. फ्लेक्सनं त्यांचा धंदा बसवला, त्यामुळे त्यांचं हे मत किती निःपक्ष होतं ते सोडून द्या. पण हात सुंदर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची फुलं, मशिदीवरची अक्षरं, सगळं त्यांनी केलेलं. त्यांनी आम्हाला बारा हात कापडावर सातपुडा काढून दिला आणि त्यात माणसं उभी केली.

बाजारात दोन बांबू ठोकायचे, दोरी बांधायची, कापड सोडायचं आणि मी बोलायला लागायचं. लोक थांबायचे. का थांबायचे ते वेगळं.

"काय विकता?"

"काही नाही, मावशी. इतिहास सांगतो."

"कोनता पक्ष?"

"पक्ष नाही."

"मंग निवडणूक कव्हय शे?"

शेजारचा मिरचीवाला एकदा माझं सगळं भाषण ऐकून म्हणाला, "ताई, तुमचा माल चांगला आहे, पण गिऱ्हाईक नाही. जरा तिकडं सरका, माझं झाकलं जातंय." पेंटरभाई त्यावर आठवडाभर हसत होते. मी हसले नाही. मला तेव्हा असल्या गोष्टींचा राग यायचा. पुढच्या पत्रकात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: इतिहास कोपऱ्यात ठेवू नका, लोक जिथं आहेत तिथं न्या. हे वाक्य लक्षात राहू द्या, कारण ते दुसऱ्याही कोणाच्या लक्षात राहिलं.

अशाच एका बाजारात आबा आणि त्यांची बहीण आले. बहिणीला सगळी वस्ती अक्का म्हणते, मीही तेच म्हणते. अक्का सुकट घ्यायला आल्या होत्या. आबा कापडासमोर उभे राहिले आणि हललेच नाहीत. झाडाला बांधलेल्या एका माणसाचं चित्र होतं. मी नेहमीचं भाषण केलं. ते संपल्यावर अक्का पेंटरभाईंकडे वळल्या.

"हाऊ कोनी काढा?"

"मी काढला, अक्का."

"धोतर भलतं पांढरं शे. लगीनमा जाई राहिना का?"

पेंटरभाईंनी कान पकडले. आबा तोवर तिथंच. मग हळूच मला म्हणाले, "असा एक आम्हनाकडे बी शे. देखाले ये."

आम्ही त्याच दिवशी गेलो. वस्ती गावाच्या बाहेर, वस्तीच्या मागं नाला, नाल्याच्या काठी अंजनाचं झाड आणि त्याखाली गुडघाभर उंचीचा दगड. त्याला शेंदूर लावलेला. वर चित्र नाही, अक्षर नाही. मी एकदम थंड पडले, कारण शेंदूर फासलेला दगड पाहिला की माझ्या मनात एकच शब्द येतो: अंधश्रद्धा. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव, पितर, पिंड सगळं घराबाहेर गेलं. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण अक्का म्हणाल्या, "हात जोडू नको, कोनी सांगं तुले? बठ आनि आइक."

आबांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या आजाचा आजा उठावात होता. डोंगरातल्या लढाईत जखमी झाला, चारपाच जणांबरोबर खाली उतरला, आणि इथं, नाल्याशी, पाणी प्यायला वाकला असताना सापडला. शिपायांनी त्याला झाडाला बांधलं. वैशाखातलं ऊन. दिवसभर तो पाणी मागत होता. एका शिपायानं नाल्यातून लोटा भरून आणला, त्याच्या तोंडापर्यंत नेला आणि त्याच्या पायाशी ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. हा त्यांचा खेळ. संध्याकाळी गोळी घातली. वस्तीतल्या बायांना दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर जवळ जाऊ दिलं. त्यांनी काय करावं? मेलेल्या माणसाला पाणी पाजलं. घागरी भरभरून आणल्या आणि तो पडला होता त्या जागी ओतल्या. नंतर तिथं दगड रोवला.

"त्याले तीस लागेल व्हती," आबा म्हणाले. "तो तिसन्या गया."

खानदेशाबाहेरच्यांसाठी एवढं सांगते. तीस म्हणजे तहान, तिसन्या म्हणजे तहानलेला. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पुण्यामुंबईकडे त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडे पितरांच्या नावानं मातीची घागर भरतात, वर खरबूज, सोबत सांजोऱ्या आणि आंबे, उंबरठ्यावर एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं बोट. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. या वस्तीत घागर घरात भरून ठेवत नाहीत. प्रत्येक घरातून एक घागर नाल्यावर जाते, तिथल्याच पाण्यानं भरते आणि दगडाच्या बुडाशी ओतली जाते. ओतताना त्याचं नाव घेतात. नाव माहीत आहे, पिढ्यानपिढ्या माहीत आहे. वैशाखात माती तडकलेली असते, पाणी पडलं की आत शिरतं आणि बुडबुडे येतात. बुडबुडे आले की म्हातारी बाई म्हणते, पिना तो, पिना, म्हणजे प्याला तो. मग पुढची घागर.

मी पुढच्या अखाजीला गेले आणि हे डोळ्यांनी पाहिलं. अक्कांनी घागर ओतली. मातीतून बुडबुडे वर आले, एकामागून एक, घोट घेतल्यासारखे. "पिना, देख," त्या मला म्हणाल्या, आणि पदराला हात पुसून सरळ सांजोऱ्यांच्या चौकशीला लागल्या. मी नास्तिक आहे. अजूनही आहे. पण त्या वेळी तो प्याला असं मलाही वाटलं, हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

आमच्या मंडळानं ग्रामपंचायतीकडे मागणी केली ती एवढीच: नाल्याकाठी एक फलक लावा. इथं स्वातंत्र्ययुद्धातला अमुक माणूस मारला गेला, त्याचं नाव हे, त्याची वस्ती ही. बस.

सरपंच तरुण माणूस. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसाशी लढायला सोपं असतं. त्यांनी चहा सांगितला, मागणी वाचली, आणि त्यांचे डोळे चमकले.

"ताई, फलक कशाला? स्मारक करू. हुतात्मा स्मारक. चौकात."

"दगड नाल्यावर आहे, भाऊ."

"नाल्यावर कोण जाणार? गाडी जाते का? पावसाळ्यात चिखल. शाळेची सहल आली तर पोरं कुठं उभी करायची?"

"पण जागा ती आहे. तिथं तो मेला."

भाऊंनी टेबलाच्या खणातून माझं पत्रक काढलं आणि बोट ठेवून वाचलं. इतिहास कोपऱ्यात ठेवू नका, लोक जिथं आहेत तिथं न्या.

"हे तुमचंच ना?"

मी म्हटलं, हो, माझंच. आणि तरीही दगड हलवू नका. त्यांनी मान हलवली. ती मान कोणत्या बाजूला हलली ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊ स्वतः वस्तीत आले. मी होते. खाटेवर बसले, पाणी प्याले, म्हणाले, "आबा, तुमचा पूर्वज म्हणजे बठ्ठा गावना पूर्वज, सगळ्या गावाचा. त्याला असं नाल्यात ठेवायचं? आपण त्याला चौकात मानानं बसवू."

वस्तीला हे गोड लागलं. का लागू नये? त्या चौकात भिल्लानं सायकलवरून उतरून चालावं असे दिवस आबांनी पाहिलेत. त्याच चौकात आपला माणूस बसणार. पोरं टाळ्या वाजवायला लागली. आबांनी एकच विचारलं.

"मंग पानी?"

"पाण्याचं काय घेऊन बसलात, आबा. नळ देतो बसवून. रोज घाला."

"नळना पानीनी त्यानी तीस जाई का?" अक्का म्हणाल्या. सगळे हसले, भाऊही हसले, आणि त्या हसण्यातच ठरलं असं सगळ्यांनी धरून चाललं. मी उठून बोलले. हा दगड इथंच हवा, फलक इथंच हवा, चौकात पाहिजे तर आमच्या कापडासारखं चित्र लावा. एक पोरगा म्हणाला, "ताई, तुम्हाला आमचा माणूस चौकात नको का?" माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते त्या पोराला पटेल असं नव्हतं.

दगड नेला तेव्हा मी धुळ्याला होते. अक्कांनी कोणाच्या तरी मोबाइलवरून मला फोन लावला. त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही. "पंचायतना मानसे उनात, जेसीबी लयना, आनि दगड ली गयात. झाडनं मूळ बी तुटनं." मागून यंत्राचा आवाज येत होता. मी विचारलं, आबा कुठं आहेत. "खड्डापाशी बठेल शे," म्हणाल्या. "काय देखी राहिना, त्यालेच माहीत."

सव्वीस जानेवारीला उद्घाटन झालं. बॅन्ड होता, फेटे होते, शाळेची पोरं उन्हात उभी होती. चौकात चकचकीत काळ्या ग्रॅनाइटचा चौथरा, त्याभोवती स्टीलचं कुंपण, कुंपणाला दार, दाराला कुलूप. ढोरं येऊन बसतात आणि टारगट पोरं वाढदिवसाचे केक कापतात म्हणून कुलूप. चौथऱ्यावर दगड सिमेंटनं पक्का केलेला. शेंदूर खरवडून काढला होता, आणि दगडाला सोनेरी ऑइल पेंट मारला होता.

पेंटरभाई माझ्या शेजारी होते. त्यांनी कुंपणातून वाकून दगड पाहिला. मग म्हणाले, "हा रंग मी लग्नाच्या कमानीला मारतो."

आबांना शाल आणि नारळ मिळाला, व्यासपीठावरच्या शेवटच्या खुर्चीत बसवलं. पाहुणे बोलले. मेरठ झालं, दिल्ली झाली, झाशी झाली. सातपुड्याचं नाव एकदा आलं, पर्यटनाच्या संदर्भात. पाणी हा शब्द एकदाही आला नाही. नंतर लोक फोटो काढायला पुढं सरकले आणि आबा खाली उतरून चौथऱ्यावरच्या पाटीजवळ गेले. त्यांना वाचता येत नाही. पाटीवर पाहुण्यांची नावं होती, सदस्यांची नावं होती, आणि सगळ्यांत वर होतं, अज्ञात वीर.

"काय लिखेल शे?"

मी सांगितलं.

"अज्ञात म्हंजे?"

"नाव माहीत नाही असा."

आबांनी पाटीवर बोट ठेवलं. "पन माले माहीत शे ना," म्हणाले. "कोनी इचारं नही."

मी त्याच पावली भाऊंकडे गेले. ते पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून येत होते, खूश होते. "होईल, ताई, दुरुस्त होईल. पाटी बनवणाऱ्याला मजकूर घाईत द्यावा लागला." आबा माझ्या मागून आले होते. त्यांना पाटीत रस नव्हता. त्यांनी चौथऱ्याच्या बुडाला हात लावून विचारलं, पाणी घातलं तर कुठं जाईल. भाऊंनी वाकून दाखवलं, अगदी प्रेमानं दाखवलं: ग्रॅनाइटला उतार दिला आहे, कोपऱ्यात जाळी आहे, जाळीखाली पाइप आहे, पाइप थेट गटारीत. एक थेंब साचणार नाही.

आबांनी हात काढून घेतला.

इथून पुढं अखाजीपर्यंत आम्ही अर्ज केले, भेटलो, फोन केले. नाव बदललं नाही. नळही बसला नाही. नळामुळं चिखल होतो असं नंतर ठरलं. मी म्हणत होते, दगड परत न्या. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी मूर्ती फोडायला निघाले आहे.

अखाजीला सकाळी वस्तीतल्या बाया घागरी घेऊन निघाल्या. नाल्यातून भरून आणल्या, कारण पाणी तिथलंच पाहिजे, एवढ्यावर त्या ठाम होत्या. नाला ते चौक चालायला लांब. आबांच्या खांद्यावर त्यांची घागर होती, त्यांनी ती कोणाला दिली नाही. कुंपणाला कुलूप. चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, आणि शिपाई सणाला सासरी गेलेला. बाया उन्हात उभ्या राहिल्या. कोणीतरी पंचायतीच्या एका सदस्याला बोलावून आणलं. त्यांच्या घरीही पितरांचं जेवण चाललं होतं, ते हात पुसत आले. दुसरी चावी त्यांच्याकडे होती. त्यांनी कुलूप काढलं, दार अर्धं उघडलं आणि घागरी बघितल्या.

"हे काय?"

"पानी घालानं शे," आबा म्हणाले.

"इथं पाणी नाही घालायचं, आबा. फरशी घसरते. रंग जातो. हार घाला, फोटो काढा, बस्स."

"हार नही. पानी."

"आबा, हे सरकारी स्मारक आहे. आता हे सगळ्यांचं आहे. इथं कोणा एकाची पूजा करता येत नाही."

आबा दारातून आत गेले. घागर खांद्यावरून काढून दोन्ही हातांत धरली. सदस्यांनी ती वरून पकडली आणि ओढून घेतली. ओढली म्हणजे हिसकावली नाही. आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातून जड पिशवी घेतो ना, तशी घेतली, आणि पंचायतीच्या पायरीवर नेऊन ठेवली. "घरी न्या, आबा. घरी भरा घागर, आम्ही नाही का भरत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच समजावत होते. पानाच्या टपरीवरून एक जण म्हणाला, "आबा, पितरले आरओनं पानी पाज, थंडगार." टपरीवरचे हसले.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यात अर्थ नाही, कारण कोणी ऐकलं नाही. घरी पाहुणे, चुलीवर पुरण, डोक्यावर ऊन. सदस्यांनी कुलूप लावलं आणि जेवायला गेले. बायांपैकी काहींनी घागरी कुंपणाबाहेरच ओतल्या. पाणी डांबरावर पसरलं, गटारीकडे वळलं. बुडबुडे नाहीत. "पिना" कोणी म्हणालं नाही, नावही कोणी घेतलं नाही.

आबांनी पायरीवरची घागर उचलली आणि भरलेलीच परत नेली. आम्ही मागून चाललो. नाल्यावर दगडाच्या जागी जो खड्डा होता तो जेसीबीवाल्यानं विटांचे तुकडे आणि चौथऱ्याच्या कामातला उरलेला सिमेंटचा राडा टाकून बुजवला होता. तो घट्ट झाला होता. आबांनी त्यावर घागर ओतली. पाणी वरच राहिलं, कडेनं वाहून नाल्यात गेलं. अक्का बुडबुड्यांची वाट बघत उभ्या होत्या. आबा तिथंच बसले. मग त्या म्हणाल्या, "चाल, जेवाले चाल," पण आबा उठले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी भाऊंकडे गेले. या वेळी चहा आला नाही. त्यांनी मला जे विचारलं ते त्यांनी मनात बरेच दिवस ठेवलं असावं.

"ताई, तुम्ही बुद्ध मानणाऱ्या. शेंदूर-पाण्याचा कळवळा तुम्हाला कधीपासून?"

मी म्हटलं, "भाऊ, शेंदराचा मला कळवळा नाही. पण पाण्याला हात लावू न देणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले की चौथरा फोडला तर सरकारी मालमत्तेचं नुकसान होतं, गुन्हा आहे, त्यांच्या हातात काही नाही. एवढं सगळं केलं त्याचं हे फळ, असंही म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. त्यांच्या वाईट वाटण्यानं कुलूप निघत नाही.

आमच्या मंडळातही भांडण झालं. एक जण म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका भिल्लाचं स्मारक चौकात झालं, तुम्ही तेच मोडायला निघालात, विरोधकांना काय पाहिजे आणखी? दुसरा म्हणाला, पुढची पिढी दगड बघेल, पाण्याचं काय एवढं. पेंटरभाई कोपऱ्यात ब्रश धूत होते. ते म्हणाले, "सत्तावन्नला त्याच्यासमोर लोटा ओतला, बरोबर? आणि आता त्याच्या माणसांची घागर काढून घेतली. मला एवढं सांगा, या दोन्हीत त्याला पाणी कधी मिळालं?" असं म्हणून ते पुन्हा ब्रशांकडे वळले.

मी आबांकडे जात राहिले. ते आता वस्तीच्या बाहेर फारसे जात नाहीत. चौकातून जावं लागतं म्हणून बाजारही बंद केला, अक्का एकट्या जातात. एकदा मी त्यांना नवीन पत्रक वाचून दाखवलं. त्यात मी त्यांच्या आजाच्या आजाबद्दल लिहिलं होतं, स्वातंत्र्य, बलिदान, विसरलेला इतिहास, सगळं. आबांनी ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. त्यांचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा.

"तुम्हना इतिहास तुम्हले ऱ्हाऊ द्या. मन्हा दगड माले द्या."

"आबा, आम्ही प्रयत्न करतोय."

"मी तिसन्या गया त चाली," ते म्हणाले. "पन त्याले कोन पाजी? ह्या पोरे?" अंगणात पोरं मोबाइलभोवती गोळा झाली होती. "ह्यासनी त चौकमा फोटो काढात सोनेरी दगडना. ह्यासले वाटस तो खूश शे."

जाणार आहे ते हेच. दगड जाणार नाही, ग्रॅनाइट पक्कं आहे, शंभर वर्षं राहील. जाणार ते त्या नावाचं उच्चारणं, ती ओली माती, "पिना तो" म्हणणारी बाई. आणखी दोनतीन अखाज्या अशाच गेल्या तर वस्तीतली पोरं पाण्यावाचून तो दगड बघायला शिकतील. मग तो खरंच अज्ञात वीर होईल. इंग्रजांना एवढं जमलं नव्हतं.

मला विचारतात, मग तुम्ही बाजारात कापड लावणं बंद केलं का. नाही केलं. लढलेल्या लोकांना लुटारू म्हणणारी तोंडं अजून आहेत, ती बंद व्हायची आहेत. पण आता प्रत्येक गावात मी आधी विचारते, ही गोष्ट तुमच्याकडे कोण सांभाळतं? आणि त्याला विचारल्याशिवाय मी कुठंही काही मागत नाही, फलकसुद्धा नाही.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या गावात, तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी एखादं हुतात्मा स्मारक असेलच. कुंपण असेल, दार असेल. हे वाचून झाल्यावर तिथं जा. चावी कोणाकडे आहे ते विचारा. आत जायचंय म्हणून सांगा. मग विचारा, ज्याचं हे स्मारक आहे त्याची माणसं कुठं राहतात, आणि त्यांना इथं काय करायची बंदी आहे. उत्तर मिळालं नाही तर येत्या एक मेच्या ग्रामसभेत उभं राहून हाच प्रश्न पुन्हा विचारा. आणि तुम्ही चोपडा-शिरपूरच्या त्या पट्ट्यातले असाल, आणि मी कोणत्या गावाबद्दल बोलते आहे ते तुम्हाला कळलं असेल, तर त्याच ग्रामसभेत ठराव मांडा: चौथरा फोडा, खड्ड्यातला राडा काढा, दगड नाल्यावर न्या. ठरावाला हात वर करायला माणसं लागतात. तुमचा हात वर करा.